मामा अक्षरं पाखडतात

पैज लागते तेव्हा जयवंत घोटणे अर्धा झोपेतच असतो.

रविवार. दुपारचे दोन. पोटात मटण, तीन भाकरी, आणि कांदे किती ते विचारू नका. कोल्हापुरात दौलत गवळ्याच्या गोठ्यासमोर एक कट्टा आहे, त्यावर ऑक्टोबरचं ऊन सांडलंय आणि त्या उन्हात जयवंत भिंतीला टेकून बसलाय. एक डोळा मिटलेला, दुसरा मिटायच्या बेतात. कानाला मोबाईल. मोबाईलमध्ये आत्ती.

आत्ती म्हणजे जयवंतच्या वडिलांची थोरली बहीण, इंदुबाई रेडेकर. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम आजरा, घरात एकटी. तिचा कॉम्प्युटर बंद पडून आज बारावा दिवस.

"आत्ती, बटण दाबलीस?"

"दाबलो की."

"मग?"

"मग काय, तसंच. कुई कुई कुई कुई करतंय, शेपटी सापडलेल्या कुत्र्यागत. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्लिश अक्षरं येऊन उभी राहत्यात. पुढं सरकायचं नावच न्हाई."

"वायर काढून परत घातलीस?"

"जया, बारा दिवस मी वायरच काढतो आणि वायरच घालतो. आता डोळं मिटून जमतंय."

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बर्गे सर पेपर वाचत बसलेत. सरांनी हायस्कूलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, रिटायर झाल्यावर पाच वर्षं कॉम्प्युटरचे क्लास घेतले, आणि आयुष्यभर अंगात येणाऱ्यांना, भानामतीवाल्यांना, गंडेदोरेवाल्यांना गल्लीतून पळवून लावलं. माणूस रुळासारखा सरळ. म्हणूनच जयवंतचा त्यांच्यावर फार जीव. वाकड्या माणसाची चेष्टा करण्यात काय मजा? मागच्या महिन्यात त्यानं सरांच्या स्कूटरच्या मागं 'इथे शुभ मुहूर्त काढून मिळतील' अशी पाटी चिकटवली. सर आठवडाभर ती पाटी घेऊन गावभर फिरले. चार जणांनी तर त्यांना सिग्नलला गाठून पत्रिका दाखवल्या.

"मदरबोर्ड गेला," सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात. "अठरा वर्षांचं मशीन. आता ब्रह्मदेव आला तरी चालू होत नाही."

"सर! तुमच्या तोंडात ब्रह्मदेव?"

"बोलायची पद्धत आहे ती. गप."

"मी चालू करतो की. आज सहाच्या आत. हितनंच, फोनवरनं."

सर आता पेपर घडी करतात. "मेकॅनिक नाही बोलवायचा."

"न्हाई."

"नेटवर बघायचं नाही. कुणाला विचारायचं नाही. दुसऱ्या कुणाची मदत घेतलीस की हरलास."

"कबूल," जयवंत म्हणतो, आणि त्याचा दुसरा डोळापण मिटतो.

"हरंल त्यानं काय करायचं?" ही आरोळी गोठ्यातून. दौलत गवळी बादली घेऊन दारात उभा. "माझं ऐका. इस्त्रीचा पांढरा शर्ट-पायजमा घालायचा, आणि माझ्या ह्या भिंतीवर एकवीस शेणी थापायच्या. सगळ्या गल्लीसमोर. मला काय, कुणीबी हरा. माझं काम हुतंय."

सर हात पुढं करतात. जयवंत झोपेतच टाळी देतो.

घरी येऊन तो खाटेवर आडवा होतो, आणि आडवं झाल्यावर त्याला कळतं की आपण काय बोलून बसलोय. पंपाचं दुकान आहे त्याचं. पंपातलं त्याला कळतं. कॉम्प्युटरमधलं बंद करून चालू करण्याइतपत. तेवढ्यावर त्यानं सतरा वर्षं दर रविवारी आजऱ्याच्या मामांना फोनवरून कॉम्प्युटर शिकवला. मामा म्हणजे आत्तीचे यजमान; इकडं आतोबांना मामाच म्हणतात. मारुती रेडेकर, एसटीतले कंट्रोलर. रिटायर होताना त्यांनी मशीन घेतलं. आठ महिन्यांपूर्वी मामा गेले. रविवारचा फोन मात्र चालू राहिला, कारण आता खुर्चीत आत्ती बसायला लागली.

बसते आणि काय करते? काहीच नाही. हे फक्त जयवंतला माहीत आहे. मामांनी कधीतरी त्या मशीनला लावून ठेवलंय की दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडद्यावर उजवीकडून डावीकडे एक ओळ पळायला लागते. इंग्रजी अक्षरांत, सगळी कॅपिटल, हिरव्या रंगात, पण मराठी: इंदे, गॅस बंद केलीस काय? आत्ती रोज दुपारी खुर्चीत बसते, दहा मिनिटं हाताची घडी घालून थांबते. ओळ आली की म्हणते, "केलो, केलो." मग उठून कामाला लागते. बारा दिवसांत दूध तीनदा करपलंय.

उद्या सकाळी तिचा मुलगा उल्हास बेंगळुरूहून येतोय. नवा लॅपटॉप घेऊन. येताना भंगारवाल्यालाही सांगून ठेवलंय त्यानं. चालू असतं तर राहू दिलं असतं आई, म्हणाला. पण बंद डबडं कशाला सांभाळायचं? आणि आत्ती मुलाला काय सांगणार? की तुझे वडील त्यात रोज माझी चौकशी करतात? अठ्ठ्याहत्तरच्या बाईला लाज वाटते हो.

पंखा फिरतोय. स्वयंपाकघरात कुंदा, जयवंतची बायको, भांडी लावतेय. एकेक भांडं लांब लांब जातंय. खाट हलते. खाट गिअर टाकते.

फोन वाजतो.

मोबाईल नव्हे. काळा, जाडजूड, चकतीचा फोन, जो घोटण्यांच्या घरात कधी नव्हताच. जयवंत उचलतो.

"हॅलो, जया? मी बोलतोय. हे सुरू हुईना रं."

"मामा, बटण दाबलासा?"

"दाबलो की."

"कुई कुई करतंय?"

"ते तिकडं करतंय. हितलं वेगळं हाय. तू कुठं हाईस?"

जयवंत बघतो. तो खाटेवरच आहे, पण खाट आजऱ्याच्या एसटी स्टँडवर, दोन नंबरच्या फलाटाला लागलीय. डाव्या बाजूला निपाणी गाडी, उजव्या बाजूला त्याचं स्वतःचं स्वयंपाकघर, कुंदा पाठमोरी. वरच्या कर्ण्यातून खरखर येते आणि मामांचा आवाज, तोच, नाकातला, सरकारी: "कोल्हापूरहून आलेले जयवंत घोटणे खाटेसकट फलाट क्रमांक दोनवर लागले आहेत. प्रवाशांनी खाटेवर बसू नये. पुढं जागा रिकामी नाही."

"मामा, आवाज कमी करा की. लोक बघायल्यात."

"बघू देत. कवाधरनं कुणी वेळेवर आलेलं न्हाई हितं. ये घराकडं."

जयवंत खाटेवरून एक पाय खाली टाकतो. दुसरा पाय पडतो तो आत्तीच्या सोप्यात. गार शहाबादी फरशी. भिंतीला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरसमोर खुर्चीत दौलतची म्हैस बसलीय. डोळ्याला बर्गे सरांचा चष्मा. पडद्याकडं बघून ती मान हलवते आणि रवंथ करत म्हणते, "मदरबोर्ड."

"तिचं ऐकू नकोस," मामा म्हणतात. "तिनं क्लास घेतल्यात, दुरुस्ती केलेली न्हाई."

मामा खाली मांडी घालून बसलेत. अंगात खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, मांडीवर सूप. सुपात काहीतरी वरखाली उडतंय, टपटप वाजतंय. कपाळाला ओलं कुंकू, बोटंही कुंकवानं लाल. गेल्या आठ महिन्यांत जरा अंगानं भरलेत. बरे दिसतात.

"मामा," जयवंत हळूच विचारतो, "तुम्ही गेलाय न्हवं?"

"गेलोय की. म्हणून काय घरला यायचं न्हाई?"

बरोबर आहे. जयवंतला हे एकदम पटतं. तो समोर बसतो.

"फोनवर तू मला किती फसवलास रं," मामा सूप हलवत म्हणतात. "नेट जोरात चालाय मॉनिटरला लिंबू-मिरची बांधा म्हणालास."

"बांधलासा की तुम्ही!"

"बांधलो. माऊस अडकतोय तर घरात मांजर हाय का बघा, म्हणालास."

"मांजर हाकललासा!"

"हाकललो. शेजाऱ्याचं हुतं. मला कळत न्हवतं व्हय? चाळीस वर्षं गाड्या सोडल्या मी. ड्रायव्हरनं कुठं चहाला थांबून उशीर केला ते धुळीवरनं सांगायचो."

"मग केलासा कशाला?"

"तुझी आत्ती हसायची. लिंबू बघून तर आठ दिवस हसत हुती. पुढच्या रविवारी मीच वाट बघायचो, ह्या खेपेला काय सांगतंय बेणं." मामा सूप असं झटकतात की सुपातला सगळा माल हवेत जातो आणि तिथंच थांबतो. जयवंत बघतो तर ती अक्षरं आहेत. कीबोर्डची काळी चौकोनी अक्षरं, वर पांढरा रंग पुसत आलेला. अक्षरं सावकाश खाली येतात, सुपात पडतात, तांदळासारखी सळसळतात. मामा वाकून, डोळे बारीक करून, दोन बोटांनी त्यातून काहीतरी वेचतात.

"हा बघ खडा."

त्यांच्या चिमटीत तांदळाचा दाणा आहे. एवढासा. हळदीनं पिवळा.

"मामा, आपण तांदळातनं खडं काढतो. तुम्ही काय, अक्षरातनं तांदूळ काढताय?"

"ज्याचं त्याचं धान्य वेगळं. हुंग."

जयवंत हुंगतो. वास ओळखायला डोकं लागत नाही. आजऱ्याचा घनसाळ. एका घरात शिजला की चार घरांना कळतं.

"बारीक असतंय," मामा म्हणतात. "कुठंबी शिरतंय. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा. माझी शिट्टी, टॉर्च, विळा, कुऱ्हाड आणि हे मशीन. दरसाली मी आधी अक्षरांच्या फळीवर पिवळा रुमाल टाकायचो. मग हळदकुंकू, मग अक्षता. देवाला पोचतंय आणि मशीनच्या पोटात जात न्हाई. औंदा तिनं एकटीनं केली पूजा. बिचारीनं मूठभर अक्षता टाकल्या, मनापासनं. रुमालाचं तिला सांगायचं राहूनच गेलं माझं."

कुठंतरी गाडी सुटल्याची शिट्टी होते. सोपा जरासा पुढं सरकतो. बाहेर रंकाळ्याचं पाणी आहे आणि पाण्यावरून निपाणी गाडी चाललीय, खिडकीतून लोक हात हलवतायत.

"जातो मी," मामा उठतात. सूप जयवंतच्या मांडीवर देतात. "तिला म्हणू नकोस तुझ्यामुळं बंद पडलं. म्हणावं, मामा विसरले. चूक कंट्रोलरची. वहीत तसंच लिहायचं."

"मामा, थांबा की. आणखी पाच मिन्टं."

"गाडी काय माझ्या बापाची हाय?"

"तुमचीच की! सगळ्या तुम्हीच सोडायचा!"

मामा हसतात. तोंडभर, वरच्या कवळीसकट. मग खाली वाकून जयवंतचा डावा कान पकडतात आणि अस्सा पिळतात की डोळ्यासमोर हिरवी अक्षरं पळतात. बोटं गार, ओली.

"विसरलास तर बघ."

"आई आई आई! न्हाई विसरत!"

"काय न्हाई विसरत?" कुंदा विचारते.

पंखा. खाट. घर. कुंदा चहाचा कप घेऊन उभी. भिंतीवरचं घड्याळ पावणेपाच दाखवतंय.

"आणि कानाला काय लागलंय हे?" ती वाकते. "कुंकू? कुठं लोळून आलाय?"

जयवंत आरशासमोर जातो. डाव्या कानाच्या पाळीवर पुढून अंगठ्याएवढा लाल डाग. पाळी उलटी करतो. मागून बोटाएवढा. ओला आहे अजून. कुंदा टिकली लावते. देवघरातला करंडा सकाळपासून कुणी उघडलेला नाही, झाकणावर विभूतीची पुडी तशीच ठेवलेली. जयवंत बोट लावतो, बघतो, पुसत नाही. चहा तिथंच राहतो.

"आत्ती! सूप हाय घरात?"

"सूप? कॉम्प्युटरला सूप? जया, मी म्हातारी झालो, पण मामासारखी भोळी न्हाई हं."

"ह्या खेपेला थट्टा न्हाई. आईशप्पथ. मशीन बंद हाय न्हवं? ती अक्षरांची फळी उचल. वायर मागनं काढून टाक, तुला जमतंय ते. आता सूप खाली धर आणि फळी पालथी कर त्याच्यावर."

धडपड. खुर्ची सरकते. "केलो."

"आता पाठीवर चापट्या मार. पोराला ढेकर काढताना मारतात तशा."

थप थप थप. आणि मग फोनमधून, ऐंशी किलोमीटरवरून, सुपावर दाणे पडल्याचा आवाज येतो. टिक. टिक टिक. टिक.

"अगं बाई! जया! तांदूळ! तांदूळ पडायलेत ह्याच्यातनं!"

"घनसाळ?"

"मग काय दुकानातलं? घरचं हाय." ती मोजते. "नऊ."

"आता फळी सरळ कर. एकेक अक्षर दाबून बघ. कुठलं वर येत न्हाई?"

बराच वेळ टकटक. "हे उजवीकडचं मोठं हाय न्हवं, वाकड्या बाणाचं? हे रुतून बसलंय."

"तेच सारखं दाबलेलं ऱ्हातंय, म्हणून कुई कुई. केसातला आकडा काढ. कडेनं घाल. हळू."

मग "निघाला!" अशी किंकाळी, की कुंदा स्वयंपाकघरातून धावत येते.

वायर लागते. बटण दाबलं जातं. दोघं नवराबायको मोबाईलला कान लावून उभी. कुई नाही. एक नाही, दोन नाही. मग ते जुनं, चार सुरांचं दार उघडल्यासारखं संगीत, आणि आत्ती म्हणते, "रंग आला. जया, निळा रंग आला. डोंगर आला."

जयवंत हवेत मूठ मारतो, ती पंख्याला लागता लागता वाचते.

पण फोनवर आत्ती सुपातले दाणे चाळवतेय. मग बारक्या आवाजात: "म्हणजे मीच बंद पाडलो व्हय रं? त्या अक्षता मीच टाकलो. तुझ्या मामांचं मशीन..."

"न्हाई न्हाई. मामा विसरले. पूजेच्या आधी फळीवर पिवळा रुमाल टाकायचा असतोय, ते तुला सांगायचं राहिलं त्यांचं. चूक कंट्रोलरची."

"पिवळा रुमाल?" ती थबकते. "व्हय की. हुता एक. मला वाटायचं देवाचं काहीतरी असंल म्हणून मी कधी विचारलो न्हाई. तुला कुणी सांगितलं?"

"मामांनी."

"कवा?"

"आत्ता. दुपारी. झोपलोतो तवा."

जयवंत ओठ चावतो. उगाच बोललो का आपण?

"जेवलेत का विचारलास?" आत्ती म्हणते.

"तब्येत चांगली हाय, आत्ती. गालावर मांस आलंय."

"मग ठीक हाय." आणि लगेच, फणकाऱ्यानं, "तुझ्याकडं बरं येतात! माझ्याकडं यायला काय झालं?"

"तुझ्याकडं रोज येतात की. आता बघ. हात लावू नकोस कशाला. बस."

ती बसते. जयवंत खाटेवर बसतो. दहा मिनिटं दोघं फोन तसाच धरून ठेवतात. आजऱ्यातलं घड्याळ ऐकू येतं. कोल्हापुरात दौलतची म्हैस ओरडते.

"आलं," आत्ती म्हणते. "आलं, आलं, आलं! अगदी तसंच, उजवीकडनं!" आणि तिला हसू फुटतं, असं की फोनमध्ये खरखर व्हायला लागते. "केलो की! केलो बंद! बारा दिवस झाले, अजून तेच विचारतोय माणूस! केलो म्हटलं न्हवं... अगं बाई, जया, चहा ठेवलाय मी गॅसवर!"

पावलांचा आवाज. भांडं आपटल्याचा आवाज. लांबून तिचं हसणं, तसंच चालू.

सहाला पाच कमी असताना कट्टा भरलाय. दौलतनं तीन घमेली शेण कालवून ठेवलंय आणि भिंत पाणी मारून सज्ज केलीय. बर्गे सर उभे आहेत, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तसा शर्ट ते रोजच घालतात, पण आज सगळ्यांना तो जास्त पांढरा दिसतोय.

जयवंत मोबाईलचा स्पीकर लावतो. "आत्ती, सरांना सांग."

"चालू झालं हो मास्तर! डोंगर दिसतोय!"

टाळ्या पडतात. सर मान हलवतात, घड्याळ काढून खिशात टाकतात, बाही दुमडायला लागतात. "हरलो. दौलत, सुरुवात कुठून करायची?"

"थांबा, थांबा!" जयवंत हात वर करतो. येतानाच त्याच्या डोक्यात हे शिजलंय आणि त्याला ते इतकं आवडलंय की पाय जमिनीवर टिकत नाहीत. "सर, अट काय हुती? दुसऱ्या कुणाची मदत घेतली की मी हरलो. मी घेतली."

"कुणाची?"

"मामांची. दुपारी स्वप्नात आले आणि सगळं सांगून गेले. तांदूळ, रुमाल, सगळं. आता तुम्हीच बोला. मामा आले म्हणा, तुम्ही जिंकलासा. आले न्हाईत म्हणा, घमेल्यात हात घाला."

गल्लीला समजायला एक क्षण लागतो, मग असा हलकल्लोळ उठतो की कावळे उडतात. आयुष्यभर भुतं हाकललेला माणूस, आणि आता एक भूत कबूल केलं तर हात स्वच्छ! "म्हणा सर, म्हणा!" दौलत ओरडतो. "एका शब्दाचा तर प्रश्न हाय!"

सर चष्मा काढतात. शर्टाच्या टोकानं पुसतात. परत घालतात. हसत नाहीत, रागावतही नाहीत.

"आले नाहीत," ते म्हणतात. "गेलेला माणूस येत नाही, जया. एखाद्या दसऱ्याला तू आजऱ्याला गेला असशील, तो रुमाल बघितला असशील, विसरला असशील. झोपेत डोक्यानं वर काढला. डोकं तुझं, शाबासकी तुझी. मी हरलो." आणि दुसरी बाही दुमडून घमेल्यापाशी बसतात.

बघा आता. ह्या क्षणासाठी जयवंतनं काय काय केलं असतं! सरांचे हात शेणात, पांढऱ्या शर्टात, अख्ख्या गल्लीसमोर. फोटो काढून दुकानात लावायचा. त्यानं फक्त गप्प उभं राहायचं आहे.

पण डावा कान तापतोय. डोकं तुझं, शाबासकी तुझी. म्हणजे सोप्यात कुणीच नव्हतं. म्हणजे ते लिंबू, ते मांजर, तोंडभर हसणं, सगळं ह्यानं एकट्यानंच मटणाच्या गुंगीत रचलं. शाबासकी घ्यायची, तर मामांना परत पाठवायचं. फुकटात.

तो वाकून सरांचं मनगट धरतो.

"हात काढा, सर. हरलो मी."

"अरे, पण मी म्हणतोय ना, कुणी आलं नव्हतं!"

"तुम्ही तुमचं म्हणा. मी माझं म्हणतो. मला मदत झाली, मला ठाऊक हाय कुणाची."

"म्हणजे मी कबूल करायचं की..."

"तुम्ही कायबी कबूल करू नका. जया हरला, एवढंच कबूल करा. त्यात विज्ञानाला काय अडचण?"

सर विचार करतात. खरोखर विचार करतात, कपाळाला आठी घालून, प्रयोगवहीत निष्कर्ष लिहायच्या आधी करतात तसा. "त्यात नाही," ते शेवटी म्हणतात आणि उठून उभे राहतात.

जयवंत घराकडं पळत सुटतो. परत येतो तो भाच्याच्या लग्नात शिवलेल्या पांढऱ्याशुभ्र झब्बा-पायजम्यात, आणि मागून कुंदा: "अहो, तो न्हाई! तो जुना घाला! अहो!"

तो मोबाईल सरांच्या हातात देतो, घमेल्यात कोपरापर्यंत हात घालतो, गोळा उचलतो आणि भिंतीवर हाणतो. शेणी भिंतीला चिकटते, गल्लीकडं एकदा बघते आणि फतकन खाली येते. झब्ब्यावर.

गल्ली लोळण घेते. दौलत म्हशीच्या गळ्यात पडून हसतोय.

"काय झालं? काय पडलं?" फोनमधून आत्ती.

"पहिली पडली हो," सर तिला सांगतात. "भिंतीवर राहिना."

"त्याला फोन द्या."

"त्याचे हात भरलेत. मी धरतो."

बर्गे सर मोबाईल जयवंतच्या तोंडासमोर धरून उभे राहतात. सगळी गल्ली कान देते, कारण आत्तीचा आवाज आता वेगळा आहे. सावकाश, समजुतीचा, समोरच्याला काहीच येत नाही हे गृहीत धरलेला.

"जया, घाबरू नकोस. तू नेमकं काय केलास ते मला पहिल्यापासनं सांग. गोळा केवढा घेतलास?"

"नारळाएवढा."

"मोठा झाला. भुसा घातलाय त्यात?"

"आत्ती, मला काय ठाऊक!"

"मग हात घालून बघ आणि सांग. मला हितनं दिसत न्हाई."

जयवंत घमेल्यात हात घालतो, चाचपतो. "न्हाई वाटतं."

"दौलतला म्हणावं मूठभर भुसा टाक. टाकला? आता परत मळ. आता पेरूएवढा घे. हात वर ने. मारायचं न्हाई, थापायचं. मनगट सैल सोड. आता लाव आणि दाब. दाबलास? दाबूनच धर. पाच मोज."

"एक, दोन, तीन," गल्ली मोजायला लागते, सर सगळ्यात मोठ्यानं.

"आता बोटं एकेक करून सोड. करंगळीपासनं."

जयवंत करंगळी उचलतो. मग दुसरं बोट. शेवटी अंगठा. शेणी भिंतीवर तशीच, गोल, पाचही बोटांसकट.

"राहिली!" तो ओरडतो. "आत्ती, राहिली!"

"शाब्बास. हात पुसू नकोस झब्ब्याला. आता दुसरी घे."